अडचण सुरू झाली ती वजनकाट्यावर

या प्रकरणातली प्रवासी म्हणजे माझी मावशी. वय ६८, रोज इन्सुलिन घेणारी, उजव्या गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवलेली. लेकीकडे निघाली होती, एकटी. दोन विमानं, मध्ये एका विमानतळावर बदल. सोबत एक मोठी सूटकेस, चाकांची छोटी केबिन बॅग आणि खांद्याला पर्स. विमानप्रवास तिला नवा नव्हता. पण दरवेळी कुणी ना कुणी सोबत असायचं आणि बॅगांचं सगळं तेच बघायचं.

तिचं विमान चुकलं नाही, काही हरवलं नाही, कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. तरीही हे प्रकरण सविस्तर मांडते आहे, कारण असं रोज कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत घडतं आणि त्याचं खापर भलतीकडेच फुटतं. ‘सिक्युरिटीवाल्यांनी अडवलं’ असं आपण म्हणून मोकळे होतो. मावशीची अडचण सिक्युरिटीच्या रांगेत दिसली खरी, पण तिची सुरुवात त्याआधीच, चेक-इन काउंटरच्या वजनकाट्यावर झाली होती.

काय घडलं

सूटकेसला २३ किलोंची मर्यादा होती, केबिन बॅगेला ७ किलोंची. सूटकेस २१ भरली. केबिन बॅगही काट्यावर ठेवायला सांगितली, ती ९च्या जवळ गेली. काउंटरवरच्या मुलीने सुचवलं की सूटकेसमध्ये अजून दोन किलो बसतील, थोडं सामान तिकडे टाका. सल्ला योग्यच होता. मावशीने तिथेच फरशीवर दोन्ही बॅगा उघडल्या. मागे रांग वाढत चाललेली. हाताला जे पहिलं लागलं ते तिने उचललं: स्वेटर, एक जाडजूड पुस्तक आणि चार्जर-वायरींचा कापडी बटवा. ते सूटकेसमध्ये कोंबल्यावर चेन लागेना, म्हणून तिथली प्रसाधनांची पिशवी काढून केबिन बॅगेत टाकली. वजन जमलं. टॅग लागले आणि सूटकेस पट्ट्यावरून आत गेली.

बटव्यात पॉवर बँक होती. प्रसाधनांच्या पिशवीत लोशनची २०० मिलीची ट्यूब होती, आणि शिवणाच्या डबीत छोटी कात्री. घरी भरताना या तिन्ही वस्तू अगदी बरोबर जागी होत्या. रांगेच्या धास्तीने दोन मिनिटांत तिन्ही चुकीच्या जागी गेल्या.

पुढे जे व्हायचं ते झालं. सिक्युरिटीच्या पट्ट्यावर केबिन बॅग वेगळी काढली गेली. कात्री तिथेच राहिली. लोशनची ट्यूब निम्म्याहून जास्त रिकामी होती. मावशीने ती दाबून दाखवली, ‘बघा ना, यात पन्नास मिलीसुद्धा नसेल.’ तरी तीही गेली. गुडघ्यामुळे दारासारख्या चौकटीतून जाताना गजर वाजला, मग महिला कर्मचाऱ्याकडून हाताने तपासणी. पर्स कुठल्या ट्रेमध्ये ठेवली हे त्या गडबडीत तिला आठवेना, आणि तेवढी दोन-तीन मिनिटं तिच्या जिवाला सगळ्यात जास्त घोर लागला, असं तिने नंतर सांगितलं.

ती गेटपाशी जाऊन बसते न बसते तोच नावाची घोषणा झाली. सूटकेसच्या एक्स-रेमध्ये पॉवर बँक दिसली होती. विमान कंपनीच्या माणसाबरोबर पुन्हा खाली जायचं, सूटकेस उघडायची, बटवा शोधून पॉवर बँक काढायची, पुन्हा तपासणीतून वर यायचं. आदल्या वर्षी सांधा बदललेल्या बाईने हे सगळं धावतपळत केलं.

मधल्या विमानतळावर पुन्हा सिक्युरिटी. पहिल्या तपासणीनंतर भरून घेतलेली पाण्याची बाटली रिकामी करावी लागली. पुढचं विमान लहान होतं, वरचे कप्पे अरुंद. गेटच्या तोंडाशी केबिन बॅगा गोळा करून टॅग लावायला सुरुवात झाली. त्या खाली सामानकक्षात जाणार होत्या. मावशीने बॅग पुढे केली. तिथल्या मुलाने सहज विचारलं, ‘आत बॅटरी, औषधं, पासपोर्ट काही नाही ना?’ इन्सुलिनची सगळी पेनं, म्हणजे पेनासारखी इंजेक्शनं, बॅगेच्या तळाशी होती.

त्या मुलाने विचारलं नसतं तर? बॅग बहुधा तिच्याबरोबरच पोचली असती. पण बॅगा मागे राहतात, दुसरीकडे जातात, आणि अशा वेळी इन्सुलिनही बॅगेबरोबर जातं. सामानकक्षातलं तापमान आपल्या हातात नसतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं. कात्री गेली, ट्यूब गेली, त्याचं काही वाटून घ्यायचं कारण नाही. या प्रवासात खरा धोका होता तो एवढाच, आणि गंमत अशी की तो सिक्युरिटीत कुठेच आडवा आला नाही. रीतसर तपासणी झालेली, सगळं नियमात असलेली बॅग शेवटच्या शंभर पावलांत हातातून निघून जात होती.

हे नियम असे का

मावशीचा एक प्रश्न होता, आणि तो रास्त होता. ‘अगं, ट्यूब रिकामीच होती की. मग नाही का म्हणाले?’

१० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. शीतपेयांच्या बाटल्यांमधून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिकवरची प्रवासी विमानं उडवून देण्याचा तो बेत होता. त्यानंतर काही काळ हातातल्या सामानात द्रव पदार्थ जवळपास बंदच झाले. मग मधला मार्ग निघाला: १०० मिलीपर्यंतच्या बाटल्या, त्या सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. युरोपीय संघात हा नियम ६ नोव्हेंबर २००६ पासून लागू झाला आणि पुढे जगभर पसरला. यात बाटलीवर छापलेला आकडा बघतात, आत किती उरलं आहे ते नाही. दर प्रवाशाच्या प्रत्येक बाटलीतला उरलेला भाग मोजत बसणं कुठल्याच रांगेला परवडणार नाही.  म्हणून २०० मिलीची ट्यूब तळाला गेलेली असली तरी ती २०० मिलीचीच. क्रीम, जेल, पेस्ट, स्प्रे, पाझरणारं काहीही यात धरतात. औषधं आणि तान्ह्या बाळाचं दूध याला अपवाद आहेत, पण ते आपणहून सांगायचं असतं.

बॅगेचं आतलं चित्र सगळ्या बाजूंनी दाखवणाऱ्या नव्या सीटी स्कॅनरमुळे काही विमानतळांवर ही मर्यादा सैल झाली आहे आणि लॅपटॉपही बॅगेतच राहू देतात. पण प्रवास दोन विमानतळांचा असेल तर पहिल्या ठिकाणची सवलत दुसऱ्या ठिकाणी मिळेलच असं नाही. कात्रीचंही तेच: युरोपात ६ सेंटिमीटरपर्यंत पात्याची, अमेरिकेत मधल्या खिळ्यापासून टोकापर्यंत ४ इंचांपेक्षा कमी असलेली कात्री हातात नेता येते, आणि इतरत्र तीच काढून घेतात. वाटेतल्या सगळ्यात कडक ठिकाणाचा नियम धरून बॅग भरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कात्री सूटकेसमध्येच.

पॉवर बँकेचा नियम बरोबर उलटा, आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. धोक्याची वस्तू म्हणजे ती खाली गेली पाहिजे, असं कुणालाही वाटेल. पण लिथियम बॅटरी बिघडली की ती आतल्या आत तापत जाते आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. सामानकक्षात आग विझवणारा हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आतली ही साखळी थांबवू शकत नाही. केबिनमध्ये निदान धूर कुणाला तरी दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. म्हणून सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक कायम हातातल्या सामानात. उपकरणात बसवलेली बॅटरी वेगळी; ते उपकरण पूर्ण बंद करून सहसा सूटकेसमध्ये ठेवता येतं.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या एअर बुसानच्या विमानाला डोक्यावरच्या कप्प्यापासून आग लागली. सगळे प्रवासी बाहेर पडले, विमान मात्र जळालं. तपासात संशयाचं बोट पॉवर बँकेकडे गेलं. त्यानंतर कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. ती अंगावर किंवा समोरच्या सीटच्या खिशात, नजरेसमोर हवी. इतर काही कंपन्यांनीही विमानात ती वापरण्यावर बंधनं आणली. म्हणजे ‘केबिन बॅगेत टाकली की झालं’ हेही आता पुरेसं राहिलं नाही.

क्षमतेचं गणित वॉट-अवर या एककात होतं. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची संमती लागते, त्यावर बंदी. मावशीची पॉवर बँक २०,००० मिलिअँपिअर-अवरची. म्हणजे २० अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट, ७४ वॉट-अवर. मर्यादेत होती. पण तिच्यावरची छपाई वापरून वापरून पुसट झालेली, आणि काही देशांत आकडा वाचता आला नाही तर ती ठेवून घेतात.

केबिन बॅग मुळात वेगळी काढली गेली ती कशामुळे, हेही बघण्यासारखं आहे. एक्स-रेच्या पडद्यावर वस्तू रंगांत दिसतात. कापड, कागद, साबण, मलम, अन्न असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे, मधल्या घनतेचं किंवा मिसळ असलेलं हिरवट, किरणांना आरपार जाऊच न देणारं काळपट. स्फोटकंही बरीचशी नारिंगीतच येतात. मावशीच्या बॅगेत साबणाच्या वड्या, त्यावर ट्यूबा, त्यावर शिवणाची पत्र्याची डबी, शेजारी चष्म्याचं घर, आणि हे सगळं एकाच कोपऱ्यात कोंबलेलं. पडद्यामागच्या माणसाला तिथे गडद नारिंगी ढीग आणि त्यावर निळे तुकडे दिसले असणार. असा ढीग उघडून बघणं हे त्याचं कामच आहे. तेच सामान बॅगभर पसरून ठेवलं असतं तर कात्री आणि ट्यूब तेवढी काढून बॅग लगेच हातात मिळाली असती.

परतीची बॅग

परतीच्या आधी मी तिच्याकडे गेले आणि आम्ही दोघींनी मिळून बॅगा भरल्या. सुरुवातीला ती नाराजच होती.

‘तू मला यादी करून दे, मी भरते,’ ती म्हणाली.

‘मावशी, यादी तुझ्याकडे होतीच की. काउंटरवर बॅग उघडली तेव्हा ती कुठे होती?’

‘पर्समध्ये.’

यादीने काम होत नाही, कारण यादी घरी बसून वाचायची असते आणि बॅग उघडायची वेळ येते ती उभ्याने, घाईत, लोकांसमोर. म्हणून आम्ही बॅग कुठे कुठे उघडावी लागेल ते आधी धरलं आणि त्याप्रमाणे भरलं. पलंगावर तीन ढीग केले. पहिला, फक्त हातातच नेण्याच्या वस्तू: इन्सुलिन, सुया, इतर औषधं, पॉवर बँक, कागदपत्रं, दागिने. दुसरा, फक्त सूटकेसमध्ये जाणाऱ्या: कात्री, नेलकटरचा संच, मोठ्या बाटल्या. आणि तिसरा, दोन्हीकडे चालणाऱ्या: कपडे, शाल, पुस्तकं, चपला.

हा तिसरा ढीगच खरा उपयोगाचा. त्यातून सुमारे दीड किलोचं सामान एका हलक्या कापडी पिशवीत भरलं आणि ती केबिन बॅगेत सगळ्यात वर ठेवली. सूटकेसमध्येही वरच्या बाजूला तेवढी जागा मोकळी ठेवली. काउंटरवर वजन जास्त भरलं तर ही पिशवी इकडून तिकडे जाईल. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. पिशवीत चुकीचं काही नसल्यामुळे ती कुठेही गेली तरी बिघडत नाही. आम्ही तिला ‘बदलीची पिशवी’ म्हणायला लागलो. वजन तर घरी केलंच: बाथरूमच्या काट्यावर आधी नुसतं आपण उभं राहायचं, मग बॅग हातात घेऊन, आणि वजाबाकी करायची. पर्सही मोजली, कारण काही कंपन्या ती केबिन बॅगेच्याच वजनात धरतात.

पहिला ढीग एका चेनच्या पाउचमध्ये गेला आणि पाउच केबिन बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. बॅग गेटवर मागितली तर एका हाताने पाउच ओढायचा आणि बॅग देऊन टाकायची. इन्सुलिनची पेनं मूळ खोक्यात, औषधाच्या दुकानाचं लेबल तसंच ठेवून, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. पुरवठा प्रवासाच्या दिवसांपेक्षा बराच जास्त घेतला. निम्मा साठा सूटकेसमध्ये ठेवावा का, असं तिने विचारलं. इतर औषधांसाठी तो विचार एक वेळ ठीक, इन्सुलिनसाठी अजिबात नाही. ते सगळंच हातात.

द्रव पदार्थांची पारदर्शक पिशवी त्याच बाहेरच्या कप्प्यात, पाउचच्या पुढे. लोशन १०० मिलीच्या बाटलीत ओतून घेतलं. पॉवर बँकेवरचा पुसट आकडा बघून मी नवीन घ्यायला सांगितली, पण ती तयार झाली नाही. ‘चालतेय ना, मग?’ अक्षरं भिंगातून वाचता येत होती, त्यामुळे तो विषय तिथेच सोडला.

एका गोष्टीवरून मात्र आमचा थोडा वाद झाला. लेकीच्या शेजारणीने कुणाला तरी द्यायला एक पुडकं दिलं होतं, वरून नीट कागद लावून, चिकटपट्टी मारून. मावशीला ते उघडणं म्हणजे अविश्वास दाखवणं वाटत होतं. ‘बॅग तुम्ही स्वतः भरली का, कुणी काही नेण्यासाठी दिलं आहे का’ हे प्रश्न काउंटरवर उगाच विचारत नाहीत. एप्रिल १९८६ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका गरोदर तरुणीच्या बॅगेत स्फोटकं सापडली. ती तिच्या होणाऱ्या नवऱ्याने दिलेल्या बॅगेत लपवलेली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. शेजारीण अर्थातच भली बाई आहे. पण आत काय आहे हे ठाऊक नसताना ‘बॅग मीच भरली’ असं म्हणता येत नाही, आणि पुडक्यात बॅटरीवर चालणारं खेळणं किंवा मोठी बाटली असली तरी उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. शेवटी मावशीने तिला फोन करून विचारलं आणि उघडलं. कपडे होते. ते बदलीच्या पिशवीत गेले.

परतीचा प्रवास

काउंटरवर केबिन बॅग किंचित जास्त भरली. कापडी पिशवी सूटकेसमध्ये गेली. उघडबंद करायला मिनिटही लागलं नाही.

सिक्युरिटीत तिने चौकटीपाशी जाण्याआधीच गुडघ्याचं सांगून टाकलं. त्यामुळे हाताची तपासणी टळली नाही, आणि टळतही नाही. सांध्याचं कार्ड दाखवलं तरी तपासणी होतेच. पण आधी सांगितलं की गजर वाजल्यावरची धांदल होत नाही, आणि बाजूला नेण्याआधी ‘माझा ट्रे माझ्या नजरेसमोर ठेवा’ असं म्हणायला सवड मिळते. तिने तसं म्हटलं आणि कर्मचाऱ्याने ट्रे तिच्या पुढ्यात आणून ठेवला. पर्स वेगळी ठेवण्याऐवजी ती केबिन बॅगेतच घालून, चेन लावून, मग पट्ट्यावर सोडली होती. हे तिचं तिने शोधून काढलं, आणि ते मला फार आवडलं. मोबाइल, घड्याळ, किल्ल्या ट्रेमध्ये सुट्या टाकण्यापेक्षा रांगेत असतानाच पर्समध्ये घालून टाकायच्या, म्हणजे नंतर मोजायला एकच वस्तू उरते.

मधल्या विमानतळावर एक वेगळंच निघालं. पहिल्या ठिकाणी टॅबलेट बॅगेतच राहू द्या म्हणाले होते, इथे बाहेर काढायला लावला. तो बॅगेत पाठीच्या बाजूला, कपड्यांच्या खाली होता. बॅग पुन्हा स्कॅनरमधून गेली, पाच-सात मिनिटं मोडली. याची तयारी आम्ही केली नव्हती. आता टॅबलेटसुद्धा बाहेरच्या कप्प्यालगत ठेवते. पाण्याची बाटली मात्र रिकामी होती.

गेटवर या वेळीही बॅगा गोळा केल्या. पाउच बाहेर आला, पर्समध्ये गेला, बॅग दिली. टॅग लावणाऱ्याला तिने एकच प्रश्न विचारला, जो मी तिला मुद्दाम सांगून ठेवला होता: ही बॅग विमानाच्या दारात परत मिळेल की शेवटच्या पट्ट्यावर? दोन्ही पद्धती असतात, आणि पुढे जोडविमान असेल तर त्यावर बरंच अवलंबून असतं. पट्ट्यावर, असं उत्तर मिळालं. टॅगचा तुकडा तिने बोर्डिंग पासला चिकटवून ठेवला.

पॉवर बँकेचं तेवढं राहिलं होतं. दुसऱ्या विमानात ती वरच्या कप्प्यात ठेवू नका, वापरू नका, अशी घोषणा झाली, आणि एवढी जड वस्तू प्रवासभर मांडीवरच्या पर्समध्ये बाळगून ती कंटाळली. आता तिने १०,००० ची घ्यायचं ठरवलं आहे. ३७ वॉट-अवर, वजनाने निम्मी, आणि आकडा ठळक छापलेला बघूनच घेणार म्हणाली.